सोन्याला चिकटलेलं चुंबक

रुचिता : नाय आई, शेजारच्या हर्षलाच्या हळदीत बायांपुढं जे बोललात, ते आता घरात यांच्यापुढं बोला. माझ्या आयनं माझ्या गळ्यात काय घातलं?

धोंडूबाई : खोटी साखळी घातली! चुंबक चिकटलं ना? सगळ्यांनी बघितलं.

रूपेश : आई, भर मांडवात सुनेचं सोनं तपासायची काय गरज होती गं?

धोंडूबाई : चुंबक तुझ्याच बायकोनं आणलंय, साजगावच्या कंपनीतून. मोबाईलवर दाखवतात, खऱ्या सोन्याला चुंबक लागत नाय. माझ्या माळेला लावलं, नाय लागलं. हिच्या साखळीला टक करून बसलं!

रुचिता : कुठं बसलं?

धोंडूबाई : मागं, मानेपाशी.

रुचिता : हुकाला! हुकाच्या पोटात पोलादाची स्प्रिंग असते. अहो, धरा जरा. हे साखळीला लावलं. लागलं?

रूपेश : नाय.

रुचिता : आता हुकाला.

रूपेश : बसलं की! आई, बघ.

रुचिता : कंपनीत दिवसभर चुंबकं बनवायचंच काम करते मी. गंजासारखी लाल भुकटी असते लोखंडाची, ती दाबून भट्टीत भाजली, मग मशीनवर भारली की चुंबक होतं. ते ओढणार लोखंडाला, निकेलला, कोबाल्टला. नदीच्या वाळूतली काळी कणी ओढतं, कारण तिच्यात मॅग्नेटाइट हाय, लोखंडाचाच दगड तो. सोन्याशी त्याला काय देणंघेणं?

धोंडूबाई : मंग माझ्या माळेला नाय लागलं ते?

रुचिता : या पितळी तांब्याला लावा. लागलं? ॲल्युमिनियमच्या टोपाला लावा. मग हे पण सोनंच म्हणायचं का?

(धोंडूबाई पदर ओढून गळ्यातली माळ झाकते.)

रूपेश : आई, ती माळ...

धोंडूबाई : खरी तुझ्या आजारपणात मोडली. ही पितळेची हाय, पॉलिश केलेली.

रुचिता : म्हणजे तुमाला ठाऊक होतं! खोट्याला पण चुंबक लागत नाय, हे ठाऊक असून माझ्या आयला लबाड ठरवलंत?

धोंडूबाई : माझी माळ खरी ठरली गं सगळ्यांपुढं. त्या खुशीत हात तुझ्या साखळीकडं गेला. मग तोंड सुटलं.

रुचिता : कानातली मोडून केली तिनं ही साखळी! भोकं बुजू नयेत म्हणून झाडूची काडी घालते कानात. मांडवात माझी मावशी बसली होती. कडावला आयच्या कानावर पोचलं पण असंल आतापर्यंत.

धोंडूबाई : काडी... लग्नात मी विचारलं होतं तिला. नुसती हसली.

रुचिता : ती हसंल. मी नाय हसणार. जिथं बोललात तिथंच जाऊन परत बोला.

रूपेश : अगं, जाऊ दे ना आता. बायका काय म्हणतील आईला?

धोंडूबाई : तू गप रं. चल गं, बाया अजून मांडवात असतील. चुंबक घे.

रुचिता : तांब्या पण घेते, दाखवायला.

धोंडूबाई : तांब्या राहू दे. माळ हाय ना गळ्यात.