ती घोळ काकांची, तो घोळ माझा

सन्माननीय अध्यक्ष प्राचार्य सर, व्यासपीठावरचे पाहुणे, प्राध्यापकवर्ग, कार्यालयातली मंडळी, खुर्च्या कमी पडल्या म्हणून खिडकीत बसलेले विद्यार्थी, आणि आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती, आमचे माळीकाका,

माझं आयुष्य बदललं ते दोन वर्षांपूर्वी, सकाळी अकराच्या सुमारास, काकांनी माझ्यासमोर एक काडी मोडली तेव्हा. मोडलेल्या टोकावर पांढरं दूध आलं. "बघ," म्हणाले. बस, एवढंच. त्या काडीकडे मी येतोच. आधी रीतीप्रमाणे चार शब्द बोलतो, नाहीतर सूत्रसंचालक चिठ्ठी पाठवतील.

त्याआधी तीन वर्षं मी काकांबरोबर औषधी वाफ्यांत खुरपलं, म्हणून मला बोलायला उभं केलंय. काहीजण मला दुसऱ्या कारणानं ओळखतात. दुसऱ्या वर्षाला असताना शिकवणाऱ्या एका सरांशी भांडून प्रयोगशाळेचं दार आपटणारा तो मीच. दाराची काच खाली आली. पुढे काच परत बसवली, मी काही परत बसलो नाही. आठ दिवसांनी याच कॉलेजच्या बागेत कामाला लागलो. आई म्हणाली, "शिकायला पाठवलं तिथंच खुरपायला गेलास?" काय सांगणार होतो तिला? तिसऱ्या वाफ्यातून पहिल्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेची खिडकी दिसते, हे कारण आईला सांगण्यासारखं आहे का?

काकांना मात्र पहिल्याच आठवड्यात कळलं. ते मला काडेपेटी म्हणतात. म्हणाले, "काडेपेटी, घोळ खाली उगवते. तू वर काय शोधतोस?"

तर ही घोळ. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या कुंडीत ती आत्ता असेल. कुणी लावत नाही, तरी येते. जमिनीला धरून पसरते, देठ लालसर, पान जाड, चव आंबूस. आपण उपटतो आणि भिंतीपलीकडे टाकतो. काकांसमोर तिला तण म्हणायची सोय नाही. "तण म्हणजे काय रे? जिची ओळख करून घ्यायचा तुम्हाला कंटाळा, ती." उन्हानं अंग भाजलं, घामोळं आलं, की काका तिची पानं ठेचून लावायला सांगतात. पोट साफ होत नाही, लघवीला जळजळ होते, म्हणून जुनी माणसं ती खात आली. माशांमुळे जिचं नाव झालं त्या ओमेगा-थ्री जातीची चरबीही या पानांत असते, हे इथल्याच फळ्यावर मी शिकलोय, फळा सोडायच्या आधी. पण फायदे सांगण्याआधी काका विचारणार, "मुतखडा आहे का? मग नको." औषधांच्या जाहिराती लिहिणाऱ्यांनी काकांकडे चार दिवस शिकवणी लावावी.

घोळीच्या शेजारीच, तिच्यासारखीच पसरणारी दुधी नावाची वनस्पती येते. दुधी भोपळ्याचं आणि तिचं नातं नाही. ती पोटात जायची नाही. ओळखायची खूण सोपी: काडी मोडायची. पाणी आलं तर घोळ, दूध आलं तर फेक. हे काकांनी मला किमान पन्नासदा सांगितलं असेल.

आता दोन वर्षांपूर्वीचं रानभाज्यांचं प्रदर्शन आठवा. घोळीच्या टेबलामागे शेवटच्या वर्षाची जी विद्यार्थिनी उभी होती, तीच त्या खिडकीत दिसायची. पाहुण्यांना द्यायच्या आधी तिनं स्वतः घास खाल्ला. ओठ आणि घसा पेटल्यासारखा झाला, उलट्या सुरू झाल्या, दिवसभर दवाखान्यात ठेवावं लागलं. तोडणी कुणाची होती? माझी. एकही काडी मोडून बघितली नव्हती, कारण माझी मान वर होती.

सर, तुम्ही संतापून विचारलंत, "हा घोळ कुणाचा?"

काका म्हणाले, "घोळ माझीच, सर. तिसऱ्या वाफ्यातली."

सगळ्यांना वाटलं, म्हातारा घाबरून व्याकरण चुकला. काका चुकले नव्हते. ते भाजीचं सांगत होते, खरं तेवढंच सांगत होते. तुम्ही पुढे म्हणालात, "डोळ्यांना दिसत नाही का तुम्हाला?" त्यांनी तेही नाकारलं नाही, आणि काकांची नजर गेली असं ठरून गेलं. मी मागे रिकामी टोपली धरून उभा होतो. एरवी माझं तोंड बंद करणं कुणाला जमलेलं नाही. त्या दिवशी ते आपोआप बंद झालं.

नंतर उरलेल्या जुडीतली ती काडी त्यांनी मोडून दाखवली. मी म्हटलं, "तुम्ही का ओढवून घेतलंत?" म्हणाले, "एक दार आपटून आलास. हेही आपटलंस तर आपटायला दार उरणार नाही तुला."

दुसऱ्या दिवसापासून काकांना औषधी वाफ्यांवरून काढून फाटकाजवळच्या कुंड्यांवर नेमलं. एकतीस वर्षं ज्या वाफ्यांत काढली, तिथं दोन वर्षं पाय ठेवायचा नाही. मघाशी वाचलेल्या मानपत्रात ओळ आहे, 'नजर मंदावली तरी निष्ठा मंदावली नाही.' निवृत्तीनंतर आठवड्यातून दोनदा येऊन मुलांना वनस्पती ओळखायला शिकवण्याचा त्यांचा अर्जही याच नजरेपायी नाकारला गेला.

ती विद्यार्थिनी आता इथंच शिकवते, तिसऱ्या रांगेत बसली आहे. मी त्यांना मॅडम म्हणतो. मनात काय म्हणतो, तो या व्यासपीठाचा विषय नाही. काकांना दिसत नाही म्हणून मॅडम रोज मधल्या सुट्टीत त्यांना पेपर वाचून दाखवतात. मॅडम, काका सकाळी सहालाच तो पेपर वाचतात. चष्म्याशिवाय. शब्दकोडंही सोडवून येतात. तुम्हाला बोलले नाहीत, कारण तुम्ही मन लावून वाचता. आणि ज्या हातानं तुमच्या पुढ्यात दुधी आली त्या हाताचा मालक दोन वर्षं समोरून जाताना नुसती मान खाली घालत आला. माफी मागायला सभागृह भरायची वाट बघावी लागली, याचीही माफी मागतो.

काका, गप्प बस म्हणून डोळे वटारताय, ते मला इथून दिसतंय. माझीही नजर चांगली आहे.

सर, मानपत्रातली ती ओळ खोडावी आणि तो अर्ज पुन्हा वाचावा, एवढीच विनंती. ती घोळ काकांची होती. तो घोळ माझा. अवजारांच्या खोलीची किल्ली मी या टेबलावर ठेवतोय. माझ्या नोकरीचं काय करायचं ते आपण ठरवा.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. सत्काराच्या दिवशी बोलू नये ते बोललो, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर चूक पदरात घ्या. आता मी निघतो. या सभागृहाच्या दारालाही काच आहे, पण काळजी नसावी. हळू लावतो.