सतरा नंबरचा खण

नाही नाही, थांबा मिस्त्री, असं हात हलवून सटकू नका — ‘काही नाही’ असं सगळेच म्हणतात, पण सतरा नंबरचा खण आज अकरावा दिवस रिकामा आहे, हे मला दिसत नाही असं वाटलं का तुम्हाला? रंगाचा कारखाना आहे हा. आत थिनरची पिंपं आहेत. लायटर, काडेपेटी, सिगरेटचं पाकीट — सगळं या खिडकीत माझ्याकडे ठेवायचं, पितळी बिल्ला घ्यायचा, मगच आत. नियम मी केलेला नाही, पण चौदा वर्षं या गेटवर तो सांभाळतोय मीच. आणि नऊ वर्षं तुम्ही न चुकता ठेवत आलात. मग आता काय झालं? बोला ना. — सोडली?

सोडली म्हणे! तुम्ही? जेवणाची सुट्टी झाली की सगळ्यांच्या आधी इथे बिल्ला आपटून ‘लवकर द्या हो’ करणारे तुम्ही? अहो, साहेबाला काय सांगायचं ते सांगा, पण गेटवरच्या माणसाला कशाला बनवता? सोडणारे पुष्कळ पाहिलेत मी. पॅकिंगवाल्यानं सोडली, ती चार दिवस. का? तर बाकीचे बाहेर भिंतीपाशी धूर काढतायत, हसतायत, आणि हा एकटा आत डबा उघडून बसलेला. पाचव्या दिवशी कुणीतरी विचारलं, ‘काय रे, आम्हाला वाळीत टाकलंस का?’ आणि केली एक पुढे. संपलं! नुसती सिगरेट थोडीच असते ती — ते लोक असतात, त्या गप्पा असतात, ती दहा मिनिटं असतात. तुम्ही तर अजून उभे असता तिथे, रोज पाहतो मी, रिकाम्या हातानं. रिकाम्या हातानं कोण उभं राहतं हो? म्हणून म्हणतो, लायटर लपवून आत नेताय तुम्ही. डब्यात आहे? उघडा. … बरं, जेवणच आहे. खिसे? उलटे करा. … हं. मोजे राहू द्या.

तुमच्यावर संशय घ्यायची हौस नाही मला. पण पटत नाही, त्याला मी काय करू? स्वतः सोडलीय ना, म्हणून कळतं. हो, मी! लेकीनं अटच घातली — नातीला हात लावायचा तर बाबा, आधी हे बंद. झाले तीन महिने. एक पाकीट विकत घेतलेलं नाही. विकत घेतलेलं नाही म्हणजे — तेच हो, सोडलीच म्हणायची. तुम्ही सगळे आत गेलात की दुपारी कधी एखादी… एखाद-दुसरी. कुणी काय मोजून ठेवतं का? आणि लेक दारातच हात हुंगते माझे, म्हणून निघताना जरासं थिनर चोळतो. रंगाच्या कारखान्यातला माणूस, वास यायचाच. काल म्हणाली, ‘बाबा, मला वाटलं नव्हतं तुम्हाला जमेल.’ आणि दिलं बाळ हातात. अशी घट्ट धरते बोट ती — आणि धरलं की लगेच तोंडात घालते. ओढून घ्यावं लागतं मग. रडते… जाऊ द्या.

काय म्हणालात? मोजायचात? पाकिटातल्या? … रोज?

केव्हापासून? — नाही, आधी हे सांगा, वर कळवलंत का? नाही? कुणालाच नाही? का? माणूस उगाच गप्प बसत नाही, मिस्त्री, मनात काहीतरी धरूनच बसतो. काय पाहिजे तुम्हाला माझ्याकडून? … काय? पुन्हा सांगा. पाकिटात दोन कमी निघायच्या, म्हणून दोन कमी ओढल्यात… आणि काही बिघडलं नाही? मग तुम्हीच चार कमी केल्यात? म्हणजे मी चोरल्या म्हणून तुमची सुटली, असं म्हणायचंय?

आभार? माझे? थट्टा करताय का म्हाताऱ्याची? … तोंडावर तर दिसत नाही थट्टा. म्हणजे खरंच सुटते? अकरा दिवस? झोप लागते? दुपारी तीनला काय करता? — नाही, मला काय करायचंय, सहज विचारलं. तुमच्याबरोबर? भिंतीपाशी, नुसतं उभं राहायला? मी कशाला, माझी सुटलीय. आत्ताच सांगितलं ना. हात सोडा. सोडा म्हणतो ना! लाज आणता चारचौघांत, मागे माणसं खोळंबलीत. व्हा आत, भोंगा झाला.

हं, पुढे कोण आहे? या. काय बघताय? द्या इकडे पाकीट.