महालक्ष्म्यांच्या तीन दिवसांत मीनल बोरकर

जबाब देणार: पद्मिनी गंगाधर मोहरील, वय ५८ वर्षे, व्यवसाय कॉलेजच्या मुलींना खोल्या देणे, राहणार चौबे कॉलोनी, रायपूर.

मी ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, माझ्या घरी वरच्या मजल्यावर चार मुली राहतात. रायपूर राजधानी झाल्यापासून खोली कधी रिकामी राहिली नाही. मुलींचे आईबाप भेटायला आले की कुठे उतरावे, काय पाहावे याचा कागद मी स्वतः लिहून दारामागे लावला आहे. त्यात बुढ़ातालाब, दूधाधारी मठ, संग्रहालय, नंदनवन आहे आणि उतरायला स्टेशनजवळची धर्मशाळा. सगळे त्या कागदाचे कौतुक करतात.

मीनल शालिग्राम बोरकर, वय १९, मूळची गोंदियाची, जूनपासून माझ्याकडे आहे. बुधवारी आमच्याकडे महालक्ष्म्या बसायच्या होत्या. बाकीच्या तिघी आपापल्या घरी गेल्या. मीनलचा शुक्रवारी पेपर होता म्हणून ती थांबली.

बुधवारी सकाळी आठ वाजता तिने पाळी आल्याचे मला येऊन सांगितले. न सांगती तर मला कळलेही नसते. आमचा जिना हॉलमधूनच जातो आणि महालक्ष्म्याही तिथेच बसतात. ती म्हणाली, "काकू, मी वरतेच बसून राहते न. खाली पायसुद्धा नाही ठेवत." मी म्हटले, तीनच दिवस त आहेत, धर्मशाळेत राहा, रायपूर पाहून घे. दारामागचा कागद काढून तिच्या हातात दिला. धर्मशाळेत एकट्या मुलीला खोली देत नाहीत, हे तेव्हा सुचले नाही असे मी काल इथे ठाण्यात सांगितले होते. ते खोटे आहे. सुचले होते.

गुरुवारी दुपारी एक वाजता, सवाष्णींची पंगत बसलेली असताना, तिच्या वडिलांचा फोन आला. त्यांनी विचारले, "पोट्टी काय करून राहिली?"

मी सांगितले, "जेवून राहिली."

शुक्रवारी दुपारी तिच्या वर्गातली पिंकी घरी आली आणि मीनल पेपरला का आली नाही, असे विचारू लागली. अंगावरच्या साडीनिशी रिक्शात बसले. धर्मशाळेचा मॅनेजर म्हणाला, बुधवारी एक मुलगी आली होती, एकटी म्हणून परत पाठवली. संग्रहालयाच्या चौकीदाराने सांगितले की गुरुवारी एक मुलगी बॅग मांडीवर घेऊन दिवसभर बाकावर वाचत होती, पाच वाजता फाटक लावताना त्याने तिला उठवले. त्यानंतर तिला कोणी पाहिलेले नाही. मठात नाही, तलावावर नाही, नंदनवनात नाही. काल तीच ठिकाणे पुन्हा फिरले, आज सकाळी पुन्हा. घरी बसवतच नाही.

तिच्या वडिलांना खरे काय ते शुक्रवारी रात्री फोन करून सांगितले. ते कालपासून ठाण्याबाहेरच्या बाकावर बसून आहेत. त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या, तर मला बरे वाटले असते.

हवालदार श्यामराव यांनी मी बोलले तसे मराठीत लिहून घेतले व मोठ्याने वाचून दाखवले. त्यात 'मुलगी स्वखुशीने घराबाहेर गेली' असे एक वाक्य होते. ते मी खोडायला लावले. त्या जागी 'मी तिला घराबाहेर काढले' असे लिहवून घेतले आहे. आता जबाब खरा आहे. सही करते.