हसऱ्या रहिवाशाच्या तोंडातल्या कवळीबाबत

नाव: तक्रारीत कॉलनीच्या अध्यक्षबाईंनी लिहिलं आहे तेच, फक्त त्यापुढे त्यांनी लावलेलं विशेषण सोडून. कॉलनीत मला लॅबवाल्या वहिनी म्हणतात. वय: त्रेचाळीस. व्यवसाय: नोकरी, रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नमुने घेणे. राहणार: बी इमारत, पहिला मजला, पुढच्या फाटकासमोर.

समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर पती आणि सासरे यांच्यासह राहते. पती एका कार्यालयात कारकून असून कॉलनीच्या कमिटीचे सहचिटणीस आहेत. सासऱ्यांचं पूर्वी घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. हवालदारसाहेबांनी सुरुवातीला 'चोरी केली' असं लिहिलं होतं, ते मी खोडायला लावलं आहे. आपल्याच घरातले दात आपण परत आणले तर त्याला चोरी म्हणत नाहीत. 'काढून घेतले' असं लिहावं.

आमच्या कॉलनीत सहा महिन्यांपासून 'कचऱ्यातून कला' हा उपक्रम चालू आहे. घरातला सुका कचरा धुऊन, पुसून जिन्याखालच्या पोत्यात टाकायचा आणि ड्रॉइंगच्या सरांनी त्याच्या वस्तू करायच्या. मागच्या फाटकाजवळ कचऱ्याचा ढीग असायचा, तिथून नाक दाबून जावं लागायचं. तो ढीग आता नाही, हे मी मान्य करते. उपक्रमाला माझा विरोध नाही. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालायला आमच्या गॅलरीत मी स्वतः दोरी बांधली आहे. हे मुद्दाम लिहून घ्यावं, कारण अध्यक्षबाईंनी मला 'पर्यावरणविरोधी' म्हटलं आहे.

परंतु लोकांनी ताळतंत्र सोडलं. सरांना निळी बाटली हवी म्हणून वरच्या मजल्यावरच्या काकूंनी भरलेला शाम्पू बादलीत ओतला. चंदेरी कागद हवा म्हणून पोरांना जेवणाऐवजी बिस्किटं खायला घातली. आमच्या घरात तर पतींच्या हातून काही सुटत नव्हतं. टूथपेस्टची ट्यूब अर्धी असतानाच हे तिच्याकडे आशेने बघायचे. मी हात टेकले होते.

सासऱ्यांना वरची-खालची पूर्ण कवळी आहे. रात्री ती आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात, पाण्यात असते आणि डबा बेसिनशेजारी असतो. सासरे टापटिपीचे आहेत. रोज दाढी करतात, घरातसुद्धा शर्टाची वरची गुंडी लावतात. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना बिनदातांचं कधी पाहिलं नव्हतं. पतींनीही लहानपणानंतर पाहिलं नव्हतं, असं ते सांगतात.

एके दिवशी सकाळी सासऱ्यांनी डब्यातलं पाणी ओतून झाकण परत लावलं, तेवढ्यात दूधवाल्याने बेल वाजवली. तोंडाला टॉवेल लावून ते दार उघडायला गेले. पती आंघोळ करून आले. त्यांनी डबा हलवून पाहिला. आत खडखडलं. बाटल्यांची झाकणं अशीच डब्यात साठवून द्यायची पद्धत असल्याने झाकणंच आहेत असं समजून त्यांनी तो डबा पोत्यात टाकला. झाकण उघडून बघायला काय झालं होतं, असं मी त्यांना त्या दिवसापासून विचारते आहे.

आम्ही सगळं घर उलथंपालथं केलं. प्लंबरने बेसिनचा पाइप खोलला. पतींना तो डबा आठवला, तोवर जिन्याखालचं पोतं सरांकडे गेलं होतं. सरांना विचारलं तर 'बघतो' म्हणाले.

त्यानंतरच्या रविवारी फाटकाजवळच्या बाकावर नवा पुतळा बसवण्यात आला. नाव 'हसरा रहिवासी'. माणसाएवढा. केस कॅसेटच्या फितीचे, डोळे औषधाच्या बाटल्यांच्या बुचांचे, नाक चमच्याचं, अंग दुधाच्या पिशव्यांच्या वेण्यांचं. कापड बाजूला केलं आणि टाळ्या पडल्या. मी टाळ्या वाजवता वाजवता थांबले, कारण तो माझ्या सासऱ्यांसारखा हसत होता. वर उजवीकडचा एक दात बाकीच्यांपेक्षा पांढरा आहे, तो मागे तुटला तेव्हा मीच बसवून आणला होता. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "हसू काय जिवंत आलंय हो!" मी वर पाहिलं. सासरे गॅलरीत उभे होते. ते आत गेले आणि त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं.

मी तिथल्या तिथे सरांना गाठून सांगितलं, "सर, ते दात आमचे आहेत."

सर म्हणाले, "वहिनी, ते आता सगळ्यांचे आहेत."

मी म्हटलं, "सगळ्यांना आपापले आहेत. म्हाताऱ्या माणसाला नाहीत." त्यावर सर म्हणाले की दातांमुळेच त्याच्यात प्राण आलाय, ते काढले तर नुसता कचरा उरेल. अध्यक्षबाई म्हणाल्या की एकदा पोत्यात पडलेली वस्तू कमिटीची होते, तसा ठराव आहे. शहराच्या स्वच्छता स्पर्धेत आपली कॉलनी शेवटच्या फेरीत आहे, परीक्षक येऊन जाईपर्यंत दम धरा. मी पतींकडे पाहिलं. सहचिटणीस पुतळ्यावरचं कापड घडी करत होते. घरी आल्यावर म्हणाले, "थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे ना." मी म्हटलं, तुमचे काढून द्या मग थोड्या दिवसांसाठी.

मी दोन वेळा कमिटीकडे गेले. कंगव्याचे दात लावा, बटणं लावा, मी स्वतः आणून देते, असंही सुचवलं. सरांनी कंगवा हातात घेऊन पाहिला आणि "भाव येत नाही" म्हणून परत दिला. येणारे-जाणारे पुतळ्याच्या गळ्यात हात टाकून फोटो काढत होते. आमच्या गॅलरीतून दुसरं काही दिसत नाही.

नवीन कवळी का केली नाही, असं हवालदारसाहेबांनी विचारलं. दातांच्या डॉक्टरांकडे माप द्यायला जावं लागतं, तिथे तोंड उघडावं लागतं. सासरे गेले नाहीत. खोलीतून बाहेर येईनात. मी सगळं मिक्सरमधून पातळ करून दाराशी ठेवत होते, ते बरंचसं तसंच परत येत होतं.

इथपर्यंत मी रागात होते, पण सहन करत होते. पुढचं नीट लिहून घ्यावं.

सासऱ्यांना एक थोरली बहीण आहे. ते तिला आक्का म्हणतात, आम्ही आत्या म्हणतो. आत्या परगावी मुलाकडे असतात. त्यांची दृष्टी गेली आहे, कानानेही कमी ऐकू येतं. या बहीणभावाचं रोज संध्याकाळी फोनवर बोलणं होतं. बोलणं म्हणजे आत्या रागावतात आणि सासरे 'हो' म्हणतात. सध्या आत्या दवाखान्यात असून पोटाचं ऑपरेशन करायचं आहे.

कवळी गेल्यापासून सासरे फोनवर येईनात. मी कधी झोपलेत, कधी आंघोळीला गेलेत असं सांगत राहिले. शेवटी आत्या म्हणाल्या, "चोवीस तास आंघोळ करतो का तो?" तेव्हा मी सासऱ्यांच्या हातापाया पडून त्यांना फोनवर आणलं. ते बोलले. शब्दच फुटेना, नुसती हवा. आत्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हा कुठला म्हातारा आणून बसवलाय? माझा भाऊ गेला, हे सरळ सांगा ना." सासऱ्यांनी फोन ठेवला. त्यानंतर त्यांनी चहासुद्धा घेतला नाही.

आज सकाळी आत्यांच्या मुलाचा फोन आला. ऑपरेशन उद्या आहे. आत्या कागदावर सही करत नाहीत. म्हणतात, "मला न कळवता त्याला पोचवून आलात, आता मलाही पोचवा." संध्याकाळपर्यंत सही झाली नाही तर डॉक्टर दुसरा पेशंट घेणार, आणि पुढची तारीख मिळेपर्यंत त्या टिकतील असं डॉक्टर सांगत नाहीत. मी पतींना ऑफिसात फोन केला. ते म्हणाले, "कमिटीची तातडीची बैठक बोलवू का?" मी फोन ठेवला.

दुपारी, चांगल्या लख्ख उन्हात, मी लॅबची पिशवी घेऊन फाटकाशी गेले. हातमोजे घातले. वॉचमनने विचारलं, "वहिनी, काय करताय?" मी सांगितलं, "दात काढतेय." त्याला वाटलं मी थट्टा करते, तो हसला. मी चिमट्याने आधी वरची आणि मग खालची बाजू सोडवली. माझा रोजचा हात आहे, तान्ह्या बाळाची शीर मला सापडते. मी काहीही तोडलेलं नाही. जबडा नंतर आपोआप खाली आला, त्यामागून नाक आलं, आणि मग डोकं घरंगळत फाटकापर्यंत गेलं. सरांनी सगळं एकाच डिंकावर उभं केलं होतं, त्याला मी काय करू? तेव्हा वॉचमनने शिट्टी वाजवली.

अध्यक्षबाई, सर आणि आणखी पाच-सहा जण जमले. एकाने डोकं उचलून छातीशी धरलं. अध्यक्षबाई म्हणाल्या, "तुम्ही समाजाच्या तोंडात मारलीत." मी म्हटलं, मारली नाही, तोंडातून काढली. त्यानंतर पोलीस आले. चिमटा, हातमोजे आणि कवळी जप्त करून पाकिटात घालून सील केली. मी वारंवार सांगितलं की चिमटा ठेवा, मला ठेवा, कवळी तेवढी वर पहिल्या मजल्यावर द्या. मुद्देमाल देता येत नाही, असं उत्तर मिळालं. मग मला, सरांना आणि अध्यक्षबाईंना इथे चौकीवर आणलं.

इथे जबाब थांबवण्यात आला, कारण माझे पती सासऱ्यांना घेऊन आले. सासरे स्वतःहून निघाले, असं पती म्हणतात. तोंडावर रुमाल धरला होता. शर्टाची वरची गुंडी लावलेली होती.

जबाब पुढे चालू. मोठ्या साहेबांनी विचारलं की कवळी यांचीच कशावरून? पावती आहे का? माझा संयम सुटला. मी म्हटलं, साहेब, या जगात ती एकाच तोंडात बसते, बसवून बघा. नाही बसली तर मला आत टाका. साहेबांनी थोडा विचार केला आणि मुद्देमालाची ओळख पटवण्यापुरतं सील फोडायला सांगितलं. मी डिंक स्पिरिटने काढला, कवळी तीनदा धुतली. सासरे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. वळले तेव्हा ते माझे सासरे होते.

पतींनी लगेच दवाखान्यात फोन लावला, त्यांनी एवढं एक काम न सांगता केलं. सासरे म्हणाले, "आक्का, मी बोलतोय."

मग आत्या इतक्या मोठ्याने बोलल्या की इथे सगळ्यांना ऐकू आलं. "जिवंत आहेस?"

"आहे."

"मग इतके दिवस काय दातखीळ बसली होती?"

सासरे म्हणाले, "हो." त्यानंतर आत्या रागावत राहिल्या आणि सासरे हो म्हणत राहिले. हवालदारसाहेबांनी लिहिणं थांबवलं होतं. शेवटी सासरे म्हणाले, "आक्का, आधी सही कर. बाकीचं रागावणं ऑपरेशन झाल्यावर." सही झाल्याचं आत्यांच्या मुलाने फोनवर सांगितलं आहे. मी त्या वेळी रडत होते, हे लिहायचं असेल तर लिहावं.

फोन झाल्यावर हवालदारसाहेबांनी अवघडून पाकीट पुढे केलं. मुद्देमाल पुन्हा सील करणं भाग आहे, कोर्टाकडून सोडवून घ्यावा लागेल, असं ते म्हणाले. मी भांडायला उठले. सासऱ्यांनी मला हाताने थांबवलं. या खेपेस ते भिंतीकडे वळले नाहीत. सर, अध्यक्षबाई, पोलीस, सगळ्यांच्या देखत त्यांनी दोन्ही कवळ्या काढल्या, रुमालाने पुसल्या आणि टेबलावर ठेवल्या. रुमाल घडी करून खिशात घातला, तोंडावर धरला नाही.

अध्यक्षबाईंनी तक्रार मागे घेतलेली नाही. परवा परीक्षक यायचे आहेत, तोवर दात मिळतील का, असं त्यांनी साहेबांना माझ्यासमोर विचारलं. यावर मला काहीही म्हणायचं नाही. म्हटलं तर दुसरा गुन्हा दाखल होईल.

सासरे माझ्याकडे बघून काहीतरी बोलले. हवालदारसाहेबांना ते समजलं नाही, पतींनाही समजलं नाही. मला समजलं. ते म्हणाले, "सूनबाई, चल घरी, भूक लागलीय." तरी जबाब आटोपता घ्यावा, ही विनंती.

वर लिहिलेलं मला मोठ्याने वाचून दाखवलं. मी सांगितलं तसंच आहे. सासऱ्यांनीही ऐकलं आणि मान हलवली. म्हणून सही करते.