तोंड बंद ठेवायचं ट्रेनिंग

...अन् कोर्टवाले मले म्हणतात, ट्रेनिंग घ्या! कोणाले? मले, मारोतरावले! तुमाले सांगतो, स्टील प्लांटातून रिटायर होईस्तोवर कॉलनीतल्या आमच्या सेक्टरातल्या अर्ध्या मराठी घरायचे भांडणं म्या ओट्यावर बसून मिटवले, चिवडा अन् चहाच्या जोरावर, अन् आता म्हणतात चाळीस तास वर्गात बसा, परीक्षा द्या, मंग तुमी मध्यस्थ... तीस वर्षं काय झक मारली म्या?

बसलो नसतो, पण मोना, माझ्या दोस्ताची पोरगी, वर्षापासून माहेरी पद्मनाभपुरले येऊन बसली, नवऱ्याशी, रूपेशशी, बोलणं बंद, फारकतीचे कागद कोर्टात, अन् मले म्हणे, "काका, तिथं मधात तुमीच बसा." पोरीचं घर मोडून राहिलं, कसं नाही म्हणू?

तर बसलो. शिकवाले साक्षी मॅडम, माझ्या पोरीहून लहान. सरावाले सासू-सुनेचं नकली भांडण दिलं. म्या दोन मिनिटात निपटवलं, "सासूबाई, चाब्या द्या, सूनबाई, पाया पडा, चला, चहा आणा." मॅडम म्हणे, "अंकलजी, आप फैसला नहीं देंगे, सलाह भी नहीं, बस पूछेंगे." मंग मी तिथं कायले बसू, पंखा पाहाले? नापास केलं हो मले. तीस वर्षं काय झक मारली म्या?

दुसऱ्या खेपेले तोंडात सुपारी धरून मुकाट बसलो, पास झालो. सर्टिफिकेट घेऊन सांगितलं, मोनाची केस मले द्या. मॅडम म्हणे, "आप इनको जानते हैं?" म्हणलं, हिच्या बारशाले पाळणा म्याच बांधला. "तो आप नहीं बैठ सकते." आता सांगा, अनोळखी माणसाले आमच्यात मधात बसवते कोण?

तरी मोनाच्या हट्टानं दोघं वेगवेगळे माझ्या घरी आलेच. रूपेश म्हणे, "काकाजी, सांगा, चूक कोणाची?" मले मॅडम आठवली. म्हणलं, "तुले काय वाटते?" मोना म्हणे, "काका, याले रागवा ना." म्हणलं, "तुले काय वाटते?" तासभर हेच... शेवटी रूपेश हळूच तिले म्हणे, "काकाजीची तब्येत बरी नाही का गं?" मोना म्हणे, "पहिले असे नव्हते. चाल, इथं काही होत नाही." वर्षात पहिल्यांदा दोघायचं एकमत झालं, अन् एकाच स्कूटरवर गेले. खोटं कायले सांगू, गेटावर उभा राहून रडलो मी.

आता कुरुदले नवीन घर घेतलं त्यायनं. वास्तुशांतीले सारा सेक्टर बोलावला, मले नाही. मोनानं आमच्या घरवालीले, सिंधूले सांगितलं म्हणे, "ऐन वक्तावर काकानं आमच्यासाठी काहीच नाही केलं."

खरंच आहे तिचं. चाळीस तास तेच तर शिकलो.