चार चालतं, पाच नाही

...नाही, मला आधी एवढंच सांगा, पाच हे चारापेक्षा मोठे की नाही? सरळ उत्तर द्या, आढेवेढे नकोत. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय मी, आणि परवा एका गॅरेजात तेलकट बाकड्यावर बसवून मला सांगण्यात आलं, की सर, इथे पाच चालत नाही. चालत नाही म्हणजे?

तुम्हाला सांगतो, सगळं त्या पिवळ्या दिव्यापासून सुरू झालं. मुलीला नोकरी लागली, घाटापलीकडे, सोमवारी हजर व्हायचं, आणि ती म्हणाली, "बाबा, आपली गाडी मी घेऊन जाते." बरोबर कोण? कोणी नाही. एकटी! आमची ही लगेच डबे भरायला लागली, म्हणजे काळजी करायचं खातं सगळं माझ्याकडे. आणि शुक्रवारी बघतो तर गाडीत समोर दिवा, एबीएसचा. आता एबीएस म्हणजे काय, तर करकचून ब्रेक मारला तरी चाकं जाम होत नाहीत, गाडी हातात राहते... हे मला माहीत आहे, पुस्तिका वाचलीय मी, अगदीच ढ नाही. म्हटलं, ब्रेकचा दिवा, म्हणजे ब्रेक ऑइलचंच काहीतरी. झाकण उघडलं तर आत काळं कुळकुळीत. झाकणावर ऑइलचा प्रकार लिहिलेला, डॉट चार. दुकानात गेलो. दुकानदार म्हणतो, "चार देऊ?" आणि त्याच्या मागे फळीवर पाच. मला सांगा, पोटची पोर घाटात चाललीय आणि बाप चारवर भागवेल? पाच मोठे की नाही?

घरी आलो, सिरिंजने जुनं ओढून काढलं, नवं ओतलं, जांभळं, दिसायला काय सुरेख, मग एक व्हिडिओ बघून हवा काढायला चाकामागचा स्क्रू सैल केला, पेडल दाबलं, स्क्रू आवळला, पुन्हा सैल केला... आणि तुम्हाला सांगतो, पेडल खाली गेलं ते उशीत पाय रुतावा तसं. दिवा होता तिथेच. शेवटी शेजाऱ्यांना हाताशी धरून गाडी ढकलत कोपऱ्यावरच्या गॅरेजात नेली.

आणि गॅरेजवाली कोण? माझीच विद्यार्थिनी. नववीत दोनदा नापास केलंय तिला, गणितातच. तिने झाकण उघडलं, वास घेतला, माझ्याकडे बघितलं. "सर, हे कोणी घातलं?" मी म्हटलं, "चांगलं आहे ना, पाच आहे." ती शांतपणे म्हणाली, "पाच सिलिकॉनचं असतं सर, चारमध्ये मिसळत नाही. त्यात हवेचे बुडबुडे अडकतात, एबीएसला ते अजिबात चालत नाही." बरं, मग काय चालतं? "चार चालतं. नाहीतर पाच पॉइंट एक, ते चारच्याच जातीचं." ऐकलंत? चार चालतं, पाच चालत नाही, पाच पॉइंट एक चालतं! मी म्हटलं, बाई गं, तुला नापास केलं ते उगाच नव्हतं.

दिव्याचं तर विचारूच नका. चाकाजवळ एक सेन्सर असतो, त्याच्यावर चिखल बसला होता. तिने फडक्याने पुसला, वायर नीट बसवली, दिवा गेला. फडक्याने! मग मी उगाच पाच घातलं म्हणायचं का?

पण मग तिने विचारलं, "सर, आधीचं ऑइल कधी बदललं होतं?" मी म्हटलं, नऊ वर्षांत कमीच झालं नाही, तर बदलायचं कशाला. ती हातातलं काम थांबवून म्हणाली, "सर, ते हवेतलं पाणी ओढतं. लांबच्या उतारावर ब्रेक तापले की ते पाणी उकळतं, आणि पाय सरळ तळाला जातो."

सोमवारी तो उतार माझी मुलगी उतरणार होती. म्हणजे मी पाच घातलं नसतं, तर गाडी गॅरेजात आलीच नसती, दिव्याकडे काणाडोळा करून ती निघाली असती... घाबरलो हो मी, खोटं कशाला बोलू.

मग सगळं धुवायचं ठरलं. ती चाकाशी, मी पेडलवर. "दाबा सर. धरा. मी सांगेपर्यंत पाय उचलायचा नाही." मी एकदा उचलला. हवा आत. "पुन्हा सर, पहिल्यापासून." चार चाकं, कितीतरी वेळा, मग लॅपटॉप जोडून एबीएसच्या पोटातलंही काढलं. सगळं चार. मी पाचचं नाव काढलं नाही.

संध्याकाळी मोकळ्या मैदानात मुलीने ओल्या मातीवर गाडी पळवली आणि गचकन ब्रेक दाबला. मी शेजारच्या सीटवरून ओरडलो, "पाय सोड, पुन्हा मार!" आमच्या वेळची सवय. तिने सोडला नाही. पेडल तिच्या पायाखाली थरथरलं, म्हणजे एबीएस कामाला लागलं, गाडी सरळ, तिचे हात स्टिअरिंगवर स्थिर. आणि मला पहिल्यांदा वाटलं, जाईल ही. नीट जाईल.

गॅरेजवाली म्हणाली, "आता दोन वर्षांनी बदलायचं." मी हळूच विचारलं, "सहा महिन्यांनी इथेच येऊन बदललं तर?" ती म्हणाली, "चालेल की सर," आणि पुस्तिकेत तसं लिहूनही दिलं. गुणी मुलगी, उगाच नापास केलं तिला.

सोमवारी निघताना आमच्या मुलीने ते वाचलं. "बाबा, गॅरेज तिकडेही असतात."

मी म्हटलं, "असतील. पण कोणी चुकून पाच घातलं तर?"

"पाच घालणारा माणूस इथे राहतो, बाबा. तिकडे मला काळजी नाही."

मी फाटक उघडून दिलं.