मेणातले मालक

आमच्या संशोधनाला सगळ्यात पटकन परवानगी दिली ती रिहे गावच्या हौसाबाईंनी, आणि तीही एका कावळ्यामुळे. हसू नका, आधी ऐका तरी.

कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठींचे तुकडे मेणात जपून ठेवलेले असतात. आपलं काय आणि परकं काय, हे शरीर ज्या जनुकांच्या जोरावर ओळखतं, ती आम्हाला त्या जुन्या तुकड्यांत तपासायची होती. पेशंट वारलेला असेल, तर घरच्यांना विचारायचं. हे नकोसं काम माझ्या गळ्यात.

हौसाबाई ओसरीवर तांदूळ पाखडत होत्या. शेजारी त्यांचे दीर बसलेले. मी चाचरतच म्हटलं, "आजी, आजोबांच्या गाठीचा नखाएवढा तुकडा अजून पुण्यात आहे."

"म्हंजी? मालक जाऊन लई वरसं झाली की!"

"हो, पण तो तुकडा मेणात आहे. अगदी चांगला राहिलाय."

हौसाबाईंनी सूप खाली आदळलं. मला वाटलं, संपलं, आता हाकलतात.

पण त्या दिराकडे वळल्या. "ऐकलं का भावजी? दहाव्याला कावळा शिवंना, तवा चारचौघांत तुमी काय म्हनला व्हता? हिच्या कटकटीपायी दादाचा जीव अडकलाय! अवो, मानूस तिकडं पुण्यात मेणात, हितं कावळा शिवंल कसा?"

दीर खाली बघायला लागले.

मी घाईघाईनं कागद पुढे केला.

"सही करते की," हौसाबाई म्हणाल्या. "पर आदी ते मेणाचं परत एकदा सांग. जरा मोठ्यानं. भावजींना कमी ऐकू येतं."